अपघात विभागात आपला नंबर उशिरा का लागतो?

लासूर स्टेशन परिसरात कुणाची तब्येत अचानक जास्त बिघडली, की बऱ्याचदा एकच सल्ला मिळतो, "घाटीला न्या!" घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांतूनही तिथे रुग्ण येतात. अशा गर्दीत स्ट्रेचरवर पडलेल्या माणसाला वाटतं, 'मी आधी आलो, मग मागून आलेल्याला आत का नेलं?'

याचं कारण आहे 'ट्रायज', म्हणजे रुग्णांची गंभीरतेनुसार वर्गवारी. इथे एस.टी.च्या तिकिटासारखी रांग नसते.

• लाल : जीव धोक्यात, उपचार लगेच.
• पिवळा : आजार गंभीर, पण थोडा वेळ थांबता येतं.
• हिरवा : किरकोळ दुखापत, नंतर पाहिलं तरी चालतं.

मात्र थांबायचं म्हणजे गप्प बसायचं नाही. हिरव्या गटातला रुग्ण तासाभरात लाल गटात जाऊ शकतो. धाप वाढली, छातीत दुखू लागलं, बोलणं अडखळलं, शुद्ध हरपू लागली, तर नातेवाइकांनी लगेच नर्स किंवा डॉक्टरांना सांगावं. जुने कागद आणि चालू गोळ्या सोबत ठेवाव्यात. रुग्णवाहिकेसाठी 108 नंबर लावावा.

आणखी एक गोष्ट. 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जखमीचा जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य. पोलिसांची कागदपत्रं नंतर.

लक्षात ठेवा : नंबर उशिरा लागू शकतो, पण उपचार हा आपला हक्कच आहे.