तळे राखील तो पाणी चाखील

चेन्नईतील ज्या नुंगंबाक्कम भागात मी राहतो, तेथे ‘लेक एरिया’ नावाची वसाहत आहे. तळे मात्र नाही. १७०८ मध्ये इंग्रजांना नवाबाकडून मिळालेल्या पाच खेड्यांपैकी हे एक. मांबलमपर्यंत पसरलेला येथील तलाव विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने बुजवण्यात आला. १९२०च्या दशकात त्यागरायनगर वसले, पुढे गृहवसाहती झाल्या आणि १९७६ मध्ये वळ्ळुवर कोट्टम उभे राहिले. यामागे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. सरकारी दप्तरात जमिनीला भाव होता, पाणी साठवण्याला नव्हता, इतकेच.

पूर्वी तसे नव्हते. उत्तिरमेरूरच्या दहाव्या शतकातील शिलालेखांत तलावाची व्यवस्था पाहणाऱ्या स्वतंत्र समितीचा उल्लेख आहे. मद्रास इलाख्यात ‘दशबंधम’ इनामाची प्रथा होती. तलाव बांधून तो दुरुस्त राखणाऱ्यास जमीन अथवा महसुलाचा वाटा मिळे. ‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आज आपण उपहासाने वापरतो. त्या काळी ते राज्यकारभाराचे सूत्र होते.

स्वतंत्र भारताने हे सूत्र कायद्यात आणले, पण अर्ध्या मनाने. १९७७च्या कायद्याने उद्योगांच्या पाणीवापरावर उपकर बसवला आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्यास त्यात सवलत दिली. परंतु हा उपकर हजार लिटरमागे काही पैसे इतकाच होता. शुद्धीकरण यंत्रणा चालवण्यापेक्षा तो भरणे स्वस्त पडे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकरही गेला. याच तमिळनाडूत पालार नदीकाठच्या चर्मोद्योगांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी’ हे तत्त्व ठामपणे मांडले. मात्र तोवर शेते व विहिरी नासल्या होत्या. दंड हानीनंतर येतो. किंमत हानीपूर्वी सावध करते.

जैवविविधतेलाही हेच लागू आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये एक साधी योजना सुरू केली. जाळ्यात अडकलेले कासव वा अन्य संरक्षित सागरी जीव सोडण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यापूर्वी भूतदयेचा सारा खर्च त्या गरिबाच्याच माथी येई. ज्या हाताने जाळे कापले, त्याच हातात मोबदला पडतो, हे या योजनेचे मर्म.

राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे मुख्यालय याच चेन्नईत आहे. जैवसंपत्तीच्या व्यापारी वापरातून होणाऱ्या लाभाचा वाटा ती जपणाऱ्या समाजांना मिळावा, हा २००२च्या कायद्याचा गाभा. २०२३च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना त्यातून सूट दिली. उद्योगाची सोय झाली. वनौषधी राखणाऱ्या गावाचे काय, हा प्रश्न उरला.

नुंगंबाक्कमचा तलाव परत येणार नाही. परंतु या शहराच्या दक्षिणेस पळ्ळिकरणैची पाणथळ भूमी अजून आहे, आणि २०२२ मध्ये तिला रामसर दर्जाही मिळाला आहे. दर्जा हा सन्मान झाला. ती राखणाऱ्यास लाभ आणि बुजवणाऱ्यास तोटा होईल, अशी तरतूद अर्थसंकल्पात दिसली, तरच तो सन्मान टिकेल.