कायदेमंडळाचें कामकाज आणि यंत्राची लेखणी

२०२३ सालच्या डिसेंबर महिन्यांत संसदेचें हिवाळी अधिवेशन भरलें होतें. त्या अधिवेशनांतून घरोघरीं काय पोंचलें? दोन इसम प्रेक्षकांच्या सज्जांतून लोकसभेच्या सभागृहांत उड्या टाकून उतरले ही वार्ता पोंचली. त्यानंतर उसळलेल्या गदारोळांत दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सभासद निलंबित झाले हीहि पोंचली. परंतु त्याच अधिवेशनांत १८६० सालचा इंडियन पीनल कोड निकालांत काढून त्याच्या जागीं भारतीय न्याय संहिता आणणारें विधेयक मंजूर झालें. ५११ कलमांच्या जुन्या कायद्याच्या ठिकाणीं ३५८ कलमांचा नवा कायदा १ जुलै २०२४ पासून अंमलांत आला. चोरी, मारहाण, फसवणूक, बदनामी, यांपैकीं कशासाठींहि पोलिसठाण्याची पायरी चढण्याची पाळी ज्याच्यावर येईल, त्याचा या कलमांशीं संबंध आहे. त्यांवर सभागृहांत कोण काय बोललें आणि मंत्र्यांनीं कोणत्या शंकेस काय उत्तर दिलें, हें किती सुशिक्षित कुटुंबांनीं वाचलें असेल?

वाचलें नाहीं याचें सारें खापर नागरिकाच्या आळसावर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. लोकसभेंत प्रश्नोत्तराच्या प्रत्येक दिवशीं तोंडीं उत्तराचे २० आणि लेखी उत्तराचे २३० प्रश्न यादींत असतात. त्यांखेरीज विधेयकांवरील चर्चा, शून्य प्रहरांतील गाऱ्हाणीं आणि मंत्र्यांचीं निवेदनें निराळींच. एका दिवसाचें सर्व इतिवृत्त वाचावयास बसल्यास वाचणाऱ्याचा दिवसहि पुरणार नाहीं. त्यांतून भाषा इंग्रजी किंवा हिंदी. त्याच डिसेंबरांत केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली होती. निफाडच्या एखाद्या शेतकऱ्याला, किंवा त्याचा कांदा घेणाऱ्या मुंबईच्या गृहिणीला, त्याविषयीं दिल्लीस नेमकें काय सांगण्यांत आलें हें त्याच शब्दांत हवें असतें. वर्तमानपत्रांतून मिळतें तें बहुधा त्या शब्दांवर कोण चिडलें एवढेंच. कामकाज उघड्यावर चालतें खरें; पण तें उघडें असूनहि हाताला लागत नाहीं. ही जी अडचण, तिच्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांचा उपाय आज निरनिराळ्या देशांत होऊं लागला आहे.

मुळांत सभागृहांतला शब्द बाहेर नेण्याची मोकळीकच मोठ्या झगड्यानें मिळालेली आहे. इंग्लंडांत १७७१ सालीं पार्लमेंटांतील भाषणें छापणाऱ्या मुद्रकांना पकडण्याचा प्रयत्न झाला; त्यांची बाजू घेतल्याबद्दल लंडनचे लॉर्ड मेयर ब्रास क्रॉस्बी यांना टॉवरच्या तुरुंगांत जावें लागलें. ज्या हॅन्सार्ड नांवानें तेथील इतिवृत्त आजहि ओळखलें जातें तें नांव पुढें त्याच्या एका मुद्रकाचें. आपल्या देशांतहि संसदेच्या कामकाजाचा प्रामाणिक वृत्तांत छापणारास संरक्षण देणारा कायदा फिरोझ गांधी यांच्या प्रयत्नानें १९५६ सालीं झाला, आणीबाणींत १९७६ सालीं तो रद्द झाला, १९७७ सालीं पुन्हां आला, आणि १९७८ सालच्या घटनादुरुस्तीनें त्या संरक्षणाला राज्यघटनेंतच जागा मिळाली. यंत्र आलें म्हणून हा इतिहास शिळा होत नाहीं. त्याचें कारण पुढें येईल.

आतां यंत्र हें काम करतें तरी कसें? बोललेल्या शब्दाचा ध्वनि घेऊन त्याचे सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाएवढे बारीक तुकडे पाडले जातात, आणि प्रत्येक तुकड्यांत उंच-खालच्या कोणत्या स्वरांचा किती जोर आहे याचें माप घेतलें जातें. ज्यांचा लिखित मजकूर आधींच उपलब्ध आहे अशीं हजारों तासांचीं भाषणें पूर्वीं त्या यंत्रास ऐकविलेलीं असतात. त्या शिदोरीवर तें अमुक मापाशीं अमुक अक्षर जुळतें असा अंदाज करतें, आणि त्या भाषेंत कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हें ताडून त्यांतील एक पाठ पक्का करतें. रेडिओवर खरखर चालू असतांना जाणता श्रोता तुटलेला शब्द मनानें भरून घेतो, तसलाच हा प्रकार. भेद इतकाच कीं, श्रोत्यास आपण शब्द भरून घेतला हें ठाऊक असतें. यंत्राच्या कागदावर ऐकलेला आणि भरून घेतलेला शब्द सारख्याच शाईनें उमटतो.

या विद्येचा संसदेंतील सर्वांत बोधप्रद प्रयोग जपानांत झाला. तेथील डाएट या संसदेची पहिली बैठक १८९० सालीं भरली, आणि पहिल्या दिवसापासून तिचें इतिवृत्त लघुलेखकांनीं शब्दशः टिपलेलें आहे. कारण ताकुसारी कोकि यांनीं जपानी लघुलिपि १८८२ सालींच सिद्ध केली होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं नव्या लघुलेखकांची भरती थांबली, आणि २०११ सालीं प्रतिनिधिगृहानें क्योतो विद्यापीठांतील संशोधकांच्या पद्धतीवर उभारलेलें ध्वनिलेखनाचें यंत्र कामाला लावलें. त्यांत एक चमत्कारिक अडचण होती. यंत्राला शिकविण्यास बोललेला मजकूर आणि लिहिलेला मजकूर दोन्ही हवेत. इतिवृत्तांचे ढीग तर होते, पण इतिवृत्त म्हणजे बोललेलें जसेंच्या तसें नव्हे! वक्ता अडखळतो, तेंच वाक्य दोनदां म्हणतो, 'म्हणजे', 'तें काय' असे टेकू घेतो. लघुलेखक तें सारें झाडून-पुसून सभ्य वाक्य लिहितो. संशोधकांनीं थोड्या भाषणांचा खराखुरा उच्चार टिपून घेतला, लेखक कोणते शब्द गाळतो आणि कोणते बदलतो याचें गणित बसविलें, आणि तें गणित उलट चालवून छापील इतिवृत्तावरून मूळ बोलण्याचा अंदाज बांधला. याप्रमाणें एक शतकाहून अधिक काळ माणसांनीं केलेली मेहनत यंत्राची पाठशाळा झाली. यंत्राचा मसुदा शेंकडा नव्वदांच्या आसपास बरोबर येतो. राहिलेलें माणूस दुरुस्त करतो, आणि छापलें जातें तें माणसानें तपासलेलेंच.

शेंकडा नव्वद गुण म्हणजे शाळेंत पहिला नंबर. पण उरलेल्या दहांत जर मंत्र्याच्या उत्तरांतील 'नाहीं' हा शब्द असेल तर? मराठींत तर हा शब्द वाक्याच्या शेवटीं येतो, आणि बोलणाऱ्याचा आवाजहि तेथेंच खालीं जातो.

भाषा लहान म्हणून हें साधणार नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. एस्तोनिया देशाची भाषा बोलणारे सुमारें ११ लक्ष. तरी तेथील १०१ सभासदांच्या रीगिकोगु या संसदेंत २०२० पासून इतिवृत्ताचा पहिला मसुदा यंत्रच करतें. मराठी ८ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. उणीव असेल तर ती भाषेची नव्हे, नीट जपलेल्या ध्वनिमुद्रणांची आणि त्यांच्याशीं जुळलेल्या शुद्ध मजकुराची.

भारतांत प्रश्न लेखनापेक्षां भाषांतराचा अधिक. घटनेच्या १२० व्या कलमाप्रमाणें संसदेचें काम हिंदी किंवा इंग्रजींत चालतें. या दोन्ही भाषा ज्यास येत नाहींत त्या सभासदास मातृभाषेंत बोलण्याची अनुज्ञा सभाध्यक्ष देऊं शकतात. बोलणें चालू असतांनाच हिंदी-इंग्रजी भाषांतर कानाशीं ऐकविण्याची सोय लोकसभेंत १९६४ सालीं झाली. पुढें मराठीसह इतर भाषा येत गेल्या. २०२५ च्या फेब्रुवारींत बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी, संस्कृत आणि उर्दू यांची आणि त्याच वर्षीं कोंकणीचीहि भर पडली. हें काम माणसें करतात. त्याला यंत्राची जोड देण्यासाठीं २०२५ च्या मार्चमध्यें लोकसभा सचिवालय आणि केंद्राचें माहिती-तंत्रज्ञान खातें यांच्यांत 'संसद भाषिणी' या योजनेचा करार झाला. जुन्या व नव्या कामकाजाचें भाषांतर, भाषणाचें लेखन, सारांश, आणि विचारलेल्या प्रश्नास इतिवृत्तांतून शोधून उत्तर देणें, इतकीं कामें तींत योजिलेलीं आहेत.

हिंदीवरून मराठी करणें सोपें, असा एक समज आहे. वस्तुतः सारखे दिसणारे शब्दच तेथें घात करतात. हिंदींत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. तो शब्द तसाच मराठींत उतरला तर शाळांसाठीं केलेली तरतूद तुरुंगांच्या खर्चीं पडावयाची. हिंदी न्यायालयांतला 'राजीनामा' म्हणजे उभयपक्षीं झालेली तडजोड. मराठी वाचक मात्र कोणीतरी खुर्ची सोडली असें समजेल. 'सरकार चेष्टा कर रही है' यांत प्रयत्न आहे, थट्टा नाहीं. कित्येक वाचकांना मराठी अर्थच अधिक खरा वाटेल ही गोष्ट निराळी. आंकड्यांचें तसेंच. हिंदींतला 'उनसठ' ५९ आणि 'उनहत्तर' ६९. गोंगाटांत एवढासा फरक गेला कीं दहा कोटींची चूक झालीच. शब्दशः भाषांतर करणाऱ्या जुन्या यंत्रांहून आजचीं यंत्रें पुष्कळ शहाणीं आहेत, तीं संदर्भ पाहतात. परंतु तीं चुकतात तेव्हां अडखळत नाहींत, सुरेख वाक्यांत चुकतात. वाक्य बेंगरूळ असलें तर वाचक थबकतो. सुरेख असलें तर पुढें जातो.

सारांशाचें काम याहूनहि नाजूक. उत्तरपत्रिकेंत एकहि प्रश्न कोरा न सोडणारा हुशार विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतो; ठाऊक नसेल तेथें तो संभवनीय असें कांहीं लिहून देतो. हीं यंत्रें त्याच वळणाचीं आहेत. मंत्री म्हणाले, 'ही बाब विचाराधीन आहे'. सारांशांत आलें, 'सरकार हें करणार आहे'. दोहोंत किती अंतर आहे हें संसदेस चांगलें ठाऊक आहे. मंत्र्यांनीं सभागृहांत दिलेलीं आश्वासनें पाळलीं गेलीं कीं नाहीं हें पाहण्यासाठीं लोकसभेची एक खास समिति १९५३ पासून आहे, आणि कोणत्या प्रकारचे शब्द आश्वासन समजावयाचे याची तिच्याकडे यादीच आहे. जेथें एका क्रियापदावर एवढा भार आहे तेथें सारांशाच्या प्रत्येक वाक्यापुढें मूळ भाषणाचें पान आणि ध्वनिमुद्रणांतील मिनिट दाखविलेलें असावें, वाचकानें बोट ठेवतांच मूळ आवाज ऐकूं यावा. ही सोय नसलेला सारांश म्हणजे ऐकीव गोष्ट. उलट, याच यंत्राला गेल्या दहा वर्षांत अमुक धरणाविषयीं मंत्र्यांनीं काय काय कबूल केलें तें शोधावयास सांगितलें, तर महिनाभराचें काम तें कांहीं क्षणांत करतें. सांगण्यापेक्षां शोधण्यांत त्याचा उपयोग अधिक.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत शोधण्याच्या या बाजूवरच भर दिलेला आहे. तेथें १२० आमदार आहेत. 'कॅलमॅटर्स' या वृत्तसंस्थेनें २०२४ सालीं 'डिजिटल डेमॉक्रसी' नांवाची सोय नागरिकांसाठीं खुली केली. तींत उघड्या बैठकींत बोललेला प्रत्येक शब्द, दिलेलें प्रत्येक मत आणि आमदारास मिळालेल्या देणग्या एकत्र पाहतां येतात. परंतु याचा पाया यंत्रानें घातलेला नाहीं. २०१६ सालीं तेथील मतदारांनीं सार्वमतानें असा नियमच केला कीं, विधिमंडळाच्या प्रत्येक उघड्या बैठकीचें चित्रमुद्रण २४ तासांचे आंत लोकांस उपलब्ध झालें पाहिजे. आधीं मुद्रणाचा हक्क आला, मग त्याचा शोध घेणारें यंत्र.

इतिहासाची जी गोष्ट वर राखून ठेविली ती येथें लागू पडते. असभ्य किंवा मानहानिकारक शब्द कामकाजांतून काढून टाकण्याचा अधिकार लोकसभेच्या ३८० व्या नियमानें सभाध्यक्षांना आहे. काढलेले शब्द कायद्याच्या दृष्टीनें कामकाजाचा भाग राहत नाहींत. पाटण्याच्या 'सर्चलाइट' पत्रानें बिहार विधानसभेंतील असा काढलेला भाग छापला तेव्हां प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९५८ च्या निकालांत सभागृहाचा विशेषाधिकारच श्रेष्ठ ठरला. आज भाषण त्या क्षणींच घराघरांत दिसतें. यंत्रानें तें ऐकून लगेच लिहिलें, आणि संध्याकाळीं त्यांतले चार शब्द काढले गेले, तर यंत्राचा कागद व अधिकृत कागद यांत फरक पडणार. म्हणून यंत्राच्या प्रतीवर 'असंपादित' असा स्पष्ट शिक्का हवा, आणि अधिकृत प्रत येतांच कोठें बदल झाला तें दाखविणेंहि हवें. काढलें गेलें एवढें तरी नागरिकास कळावें.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर एक अडचण आपोआप दूर झालेली आहे. १८६२ सालीं मुंबईच्या टाउन हॉलांत पहिली बैठक झाली तेव्हांपासून कित्येक वर्षें येथील विधिमंडळाची भाषा इंग्रजी होती. आज तें बहुतेक मराठींत बोलतें. तेव्हां येथें भाषांतराआधीं प्रश्न येतो तो ऐकण्याचा. विधानसभेचे २८८ आमदार एकाच मराठींत बोलत नाहींत: वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, मराठवाडी असे नाना ढंग तेथें ऐकूं येतात, आणि त्यांत एकाच वेळीं चौघे उभे राहून बोलूं लागले म्हणजे उत्तम लघुलेखकाचेंहि कसब पणास लागतें. पुण्याच्या बातम्या ऐकून तयार झालेलें यंत्र तेथें नंदुरबारच्या आमदाराचें गाऱ्हाणें चुकीचें लिहील, आणि ज्यांचें गाऱ्हाणें सर्वांत कमी ऐकलें जातें नेमकें त्यांचेंच पुन्हां बिघडेल. त्या त्या जिल्ह्याचीं भाषणें मुद्दाम निवडून, तेथल्याच जाणकारांकडून तपासून घेऊन तीं यंत्रास शिकविणें हें खर्चाचें काम आहे. तें टाळून मिळणारी सोय शहरापुरतीच राहील.

सभागृहांत बोललें जातें तेवढेंच कायदेमंडळाचें काम, असेंहि नव्हे. संसदेच्या खातेवार स्थायी समित्या १९९३ पासून आहेत, आणि २००४ पासून त्यांची संख्या २४ आहे. विधेयकांची आणि अंदाजपत्रकांची बारकाईनें छाननी तेथें होते. त्यांच्या बैठका बंद दाराआड भरतात. त्यामुळें तेथलें बोलणें यंत्रास ऐकतांच येत नाहीं. बाहेर येतो तो छापील अहवाल, आणि तो मात्र कोणासहि मिळतो. भिन्न मत असलेल्या सभासदांचीं टिपणें त्यालाच शेवटीं जोडलेलीं असतात. संसद भाषिणीनें मराठीचें काम कोठून आरंभावें असें कोणी विचारल्यास, त्या अहवालांपासून आणि त्या शेवटच्या पानांपासून आरंभ करण्यास हरकत नाहीं.