ग्राहक शिक्षणातील आर्थिक संकल्पना

ग्राहक शिक्षण म्हणजे वस्तू व सेवा विकत घेताना, वापरताना आणि त्यांविषयी दाद मागताना लागणाऱ्या ज्ञानाचे शिक्षण होय. भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ ने मान्य केलेल्या सहा हक्कांपैकी ग्राहक शिक्षण हा एक होता. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात ग्राहक हक्कांवर स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र हक्कांची यादी पाठ झाली, तरी त्यांमागील आर्थिक संकल्पना उमगल्याशिवाय त्यांचा बाजारात फारसा उपयोग होत नाही.

यांतील मूळ संकल्पना माहितीच्या विषमतेची आहे. विक्रेत्याला मालाची जेवढी माहिती असते, तेवढी ग्राहकाला नसते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की अशा स्थितीत निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजाराबाहेर ढकलू शकतो. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. वेष्टनावर निव्वळ वजन व कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती ही विषमता कमी करण्यासाठीच असते.

एकक किंमत ही त्याहून सोपी संकल्पना. ९० ग्रॅमचे पाकीट २० रुपयांना आणि २०० ग्रॅमचे ४६ रुपयांना असेल, तर १०० ग्रॅमला अनुक्रमे सुमारे २२ रुपये २२ पैसे व २३ रुपये पडतात. म्हणजे मोठे पाकीट येथे महाग ठरते. किंमत तीच ठेवून वजन १०० वरून ८० ग्रॅम केले, तर ती २५ टक्के भाववाढच असते. घरातील रिकामी वेष्टने आणून पाचवी-सहावीच्या वर्गातही हा हिशेब करून घेता येतो.

सर्वांत मोठी फसगत हप्त्यांच्या खरेदीत होते. १२,००० रुपयांच्या कर्जावर सरसकट १२ टक्के दराने वर्षाचे व्याज १,४४० रुपये, म्हणून मासिक हप्ता १,१२० रुपये. परंतु मुद्दल दरमहा फिटत असते, व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागते. घटत्या शिलकीवर मोजल्यास हाच दर सुमारे साडेएकवीस टक्के भरतो.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याज आहे, दहावीच्या गणितात वस्तू व सेवा कर आहे. उपयोगिता, मागणीची लवचीकता, निर्देशांक हे घटक मात्र बारावीच्या अर्थशास्त्रात येतात. तो विषय न घेणारे विद्यार्थी त्यांच्याशी परिचय न होताच शिक्षण संपवतात. कर्जाचा पहिला अर्ज मात्र त्यांनाही भरावा लागतो.