काळ्या मातीत भाजी का गुदमरते?

पहिला दमदार पाऊस झाला, की नागपुरातल्या कोणत्याही ले-आउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर पाय ठेवून पाहावा. पाय वर येतो, चप्पल चिखलातच राहते. याच मातीत कुंपणाच्या कडेने पालक, मेथी, सांबार पेरणाऱ्यांचा अनुभव ठरलेला असतो. बी छान उगवते, दोन-चार पाने फुटतात आणि मग आठवडाभराच्या झडीत रोपे बुंध्याशी काळी पडून आडवी होतात. दोष बियाण्याच्या दुकानदाराला दिला जातो. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो.

काळी माती पाण्याने फुगते, हे विदर्भात वेगळे सांगायला नको. घरांच्या भिंतींना गेलेले तडे ते सांगतातच. या मातीतल्या चिकणकणांची रचना एकावर एक ठेवलेल्या पातळ पापुद्र्यांसारखी असते. पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, कण फुगतात आणि त्यांच्यामधल्या हवेच्या वाटा बंद होतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. ऑक्सिजन संपला, की ती अन्नद्रव्ये उचलू शकत नाहीत. दुबळ्या मुळांवर ओलीत वाढणाऱ्या बुरशा तुटून पडतात. उन्हाळ्यात याच मातीला भेगा पडतात आणि मुळे तुटतात. एवढे असूनही ही माती कसदार आहे, ओल धरून ठेवते, म्हणून ती फेकून द्यायची नसते. तिला फक्त उचलायचे असते.

शेतकऱ्यांना हा उपाय जुनाच. हळदीची लागवड असो वा मिरची-वांग्याची रोपवाटिका, गादीवाफा लागतोच. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७०च्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धतीवर काम केले. सोयाबीन पेरणारे शेतकरी तिला ‘बीबीएफ’ म्हणून ओळखतात. परसातला वाफा ही तिचीच छोटी आवृत्ती.

उंची नऊ इंच ते एक फूट आणि रुंदी तीन ते चार फूट पुरते. रुंदीमागे साधे कारण आहे: दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय द्यावा लागत नाही आणि माती दबत नाही. काळ्या मातीत चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट सढळ हाताने मिसळावे. ताजे शेण मात्र नको. त्यातले रोगजंतू कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या मुळा-सांबारावाटे थेट ताटात येतात. निचऱ्यासाठी तळाशी खडीचा थर देण्याची हौस अनेकांना असते. तिचा उपयोग नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहते, म्हणजे मुळांच्या जागी चिखल आणखी वर सरकतो.

कडेला विटा लावाव्यात. जुन्या घरांच्या रंगवलेल्या चौकटी, दारे स्वस्तात मिळतात, पण जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा २०१७च्या अखेरीस लागू झाली. त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. रंगाचे पापुद्रे मातीत पडतात, लहान मुले त्याच मातीत खेळतात, आणि शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक ठरते.

अंगण नाही म्हणून वाफा गच्चीवर नेणाऱ्यांनी आधी हिशेब करावा. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो इतका वापरभार धरतात. ओल्या मातीचा एक फुटाचा थर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जातो. तिपटीहून जास्त! अभियंत्याला विचारल्याशिवाय तिथे मातीचा वाफा घालू नये. कोकोपीट आणि कंपोस्टच्या हलक्या मिश्रणाच्या थोड्या कुंड्या बऱ्या.

जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खायला सांगते. चौघांच्या घराला ते १,६०० ग्रॅम होतात. चार बाय आठ फुटांचा वाफा एवढे देणार नाही. पण पालेभाजी काढल्यापासूनच कोमेजू लागते, तिच्यातले क जीवनसत्त्व कमी होत जाते. संध्याकाळी खुडून लगेच फोडणीला टाकलेल्या पालकाचा फायदा तिथे आहे.

उन्हाळ्यात मात्र उंच वाफा उलटतो. जे पाणी पावसाळ्यात पटकन निथळते, ते मे महिन्यात पटकन उडते. २०१३च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पस्तिशीच्या पुढेच टोमॅटोची फुले गळू लागतात. हिरवी नेट, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि दोन वेळा पाणी, एवढे करूनही हाती फारसे लागत नाही. त्यापेक्षा वाफा रिकामा करावा, भिजवावा आणि पारदर्शक प्लॅस्टिकने घट्ट झाकून चार ते सहा आठवडे तसाच तापू द्यावा. कडा मातीने दाबाव्यात, म्हणजे वाफ आत राहते. झडीत रोपे मारणाऱ्या बुरशा आणि तणांचे बी या उष्णतेने बऱ्याच अंशी मरते. मृग लागला, की प्लॅस्टिक काढायचे.