विश्लेषण : अमेरिकी कॉलेजांच्या संघात शाळकरी अ‍ॅथलीटला जागा कशी मिळते?

अमेरिकेत हायस्कूलच्या शर्यतींत पदके मिळवणाऱ्या अनेक मुलामुलींना खेळाच्या जोरावर कॉलेज प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळेल, अशी आशा असते. मात्र २०२५ पासून कॉलेज क्रीडाक्षेत्राचे नियम बदलले आहेत आणि मोठ्या कॉलेजांच्या संघांतील जागा मर्यादित झाल्या आहेत. त्यामुळे कुठे अर्ज करायचा आणि कधी, याला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

नियमांत काय बदल झाला?

अमेरिकेतील बहुतेक कॉलेज स्पर्धा 'एनसीएए' ही संघटना चालवते. तिचे तीन विभाग आहेत. पहिल्या विभागातील अ‍ॅथलेटिक्स संघाला पूर्वी पुरुषांसाठी १२.६ आणि महिलांसाठी १८ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम देता येत असे. ती अनेक खेळाडूंत वाटली जायची, म्हणून पूर्ण शिष्यवृत्ती मोजक्यांनाच मिळे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने 'हाऊस' खटल्यातील तडजोडीला मंजुरी दिली. ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांसाठी शिष्यवृत्तीची मर्यादा गेली; त्याऐवजी संघातील खेळाडूंची संख्या ठरवण्यात आली. अ‍ॅथलेटिक्समध्ये पुरुष आणि महिला संघांसाठी ती प्रत्येकी ४५ आहे.

याचा फटका कोणाला?

शिष्यवृत्तीविना संघात येऊन हळूहळू सुधारणाऱ्या खेळाडूंना, म्हणजे 'वॉक-ऑन'ना. पूर्वी मोठ्या संघात अशांना सामावून घेता येत असे. आता धावणे, उड्या, फेकी आणि रिले हे सारे ४५ जणांत बसवायचे असते. शिवाय दुसऱ्या कॉलेजातून येणारे अनुभवी खेळाडूही त्याच जागांसाठी स्पर्धेत असतात. शिष्यवृत्तीची मर्यादा गेली म्हणजे पैसे वाढले, असेही नाही. किती द्यायचे हे प्रत्येक कॉलेज आपल्या बजेटनुसार ठरवते.

प्रशिक्षक नेमके काय पाहतात?

पदकांपेक्षा वेळ आणि अंतर. कॉलेजे 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत विभागलेली असतात. कॉन्फरन्स अजिंक्यपद स्पर्धेत सामान्यतः पहिल्या आठ जणांना अनुक्रमे १०, ८, ६, ५, ४, ३, २ आणि १ असे गुण मिळतात. हा विद्यार्थी आपल्याला गुण मिळवून देईल का, हा प्रशिक्षकाचा पहिला प्रश्न असतो. या स्पर्धांचे निकाल इंटरनेटवर सर्वांना पाहता येतात. आपल्या प्रकारात आठव्या आलेल्या खेळाडूची कामगिरी पाहून स्वतःची तिच्याशी तुलना केली, की कोणते कॉलेज आवाक्यात आहे याचा अंदाज घरबसल्या येतो. दरवर्षी होणारी सुधारणाही प्रशिक्षकांच्या नजरेत भरते.

शाळेतील कामगिरी तशीच धरली जाते का?

नेहमीच नाही. मुलांचा हायस्कूलमधील गोळा १२ पौंडांचा, तर कॉलेजात १६ पौंडांचा असतो. थाळीचे वजन १.६ किलोवरून २ किलो होते. ११० मीटर शर्यतीतील अडथळ्यांची उंची ३९ इंचांवरून ४२ इंच होते. मुलींचा गोळा, थाळी आणि १०० मीटरचे अडथळे मात्र तेच राहतात. हाताने स्टॉपवॉच दाबून घेतलेली वेळ प्रत्यक्षापेक्षा कमी भरते, म्हणून इलेक्ट्रॉनिक वेळेलाच किंमत असते. सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वेगाचा वारा पाठीशी असेल, तर शंभर मीटर किंवा लांब उडीतील कामगिरी विक्रमासाठी ग्राह्य धरत नाहीत.

संपर्क कधी साधायचा?

विद्यार्थी प्रशिक्षकाला केव्हाही ई-मेल पाठवू शकतो. पहिल्या विभागातील प्रशिक्षकाला मात्र दहावीचे वर्ष संपल्यानंतर १५ जूनपासूनच उत्तर देता येते. त्याआधी उत्तर आले नाही, तर नकार समजू नये. ई-मेल पालकांनी नव्हे, विद्यार्थ्याने स्वतः लिहावा. त्यात उत्तीर्ण होण्याचे वर्ष, सर्वोत्तम कामगिरी, ती कुठे व कधी झाली, शैक्षणिक गुण आणि निकालांची लिंक एवढे पुरेसे असते. उड्या व फेकीसाठी छोटा व्हिडीओ जोडावा.

पहिला विभाग मिळाला नाही तर?

दुसरा विभाग, 'एनएआयए' आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजे यांतही क्रीडा शिष्यवृत्ती मिळते. तिसऱ्या विभागात आणि हार्वर्ड, येलसारख्या आयव्ही लीग विद्यापीठांत ती नसते. तेथे कुटुंबाच्या उत्पन्नानुसार मिळणारी मदत हा आधार असतो. काही कुटुंबांसाठी ती मदत अर्धवट क्रीडा शिष्यवृत्तीहून मोठी ठरू शकते.

अभ्यासाचे काय?

पहिल्या विभागात खेळण्यासाठी हायस्कूलमध्ये ठरावीक १६ विषय-अभ्यासक्रम आणि त्यांत किमान २.३ सरासरी गुणांक लागतो. त्यातील १० अभ्यासक्रम बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावे लागतात. बारावीत जागे होणाऱ्यांची वाट इथेच अडते.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी काय?

ही वाट भारतीयांसाठी नवी नाही. थाळीफेकपटू विकास गौडाने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून २००६ मध्ये, तर उंच उडीपटू तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएए विजेतेपद मिळवले. महाराष्ट्रातून प्रयत्न करणाऱ्यांनी नववीपासूनच्या गुणपत्रिका जपून ठेवाव्यात. पात्रता तपासताना त्या लागतात. अमेरिकी सरकारची शैक्षणिक मदत परदेशी विद्यार्थ्यांना साधारणतः मिळत नाही, त्यामुळे खर्चाचा हिशेब आधीच करावा.

होकार देण्यापूर्वी काय विचारावे?

तोंडी आश्वासन बंधनकारक नसते. पूर्वीचे 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले. आता आर्थिक मदतीचा लेखी करार हाच खरा कागद. रक्कम किती, किती वर्षांसाठी आणि दुखापत झाल्यास काय, हे त्यात वाचूनच सही करावी. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारायला हवा : ४५ जणांच्या संघात माझी जागा दुसऱ्या वर्षीही राहील का? आणि खेळ सुटला तरी याच कॉलेजात शिकायला आवडेल का, याचे उत्तर विद्यार्थ्याने स्वतःला द्यायचे असते.