रात्रीचा रस्सा, सकाळचे दुखणे

आषाढ सरत आला की घरोघरी मटणाचा बेत होतो. पुढे श्रावण पाळायचा, म्हणून पाहुणेरावळे जमतात आणि पातेलेभर रस्सा शिजतो. उरलेला रस्सा झाकण ठेवून रात्रभर ओट्यावरच राहतो. ‘मुरला की चव येते’ असा आपला समज. चव येतही असेल, पण त्याच पातेल्यात पोटाचे दुखणेही मुरत असते.

‘डॉक्टर, रस्सा तर चांगला खळखळून उकळला होता!’ असे रुग्ण सांगतात. ते खरेच असते. परंतु कच्च्या मांसावर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचे जंतू असू शकतात. उकळीने जंतू मरतात, त्यांची बीजे मात्र तग धरतात आणि रस्सा कोमट झाला की रुजतात. या जंतूंना हवा नको असते. त्यामुळे खोल पातेले व वरचा तेलाचा तवंग त्यांच्या पथ्यावरच पडतो. वास किंवा चव बदलेलच असे नाही.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की पक्षी भाजून त्याच्या रसाची ग्रेव्ही करतात. तेथेही या जंतूंची विषबाधा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, सणांच्या दिवसांतच अधिक आढळते.

खाल्ल्यानंतर ६ ते २४ तासांत पोटात कळा येऊन पातळ जुलाब होतात. ताप, उलटी बहुधा नसते. बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो; पण लहान मुले व वृद्ध यांच्या शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. त्यांना लगेच जलसंजीवनी द्यावी. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजावे. जुलाबात रक्त पडले, लघवी कमी झाली वा ग्लानी आली तर डॉक्टरांकडे न्यावे.

उपाय सोपा आहे. जेवणे आटोपताच उरलेला रस्सा लहान, पसरट भांड्यांत काढावा. भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळावे आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावीत. दुसऱ्या दिवशी हवा तेवढाच रस्सा काढून पुन्हा खळखळून उकळावा. नुसता कोमट करू नये. फ्रिज नसेल तर बेताचाच करून त्याच रात्री संपवावा. रात्रभर बाहेर राहिलेला रस्सा मात्र टाकून द्यावा. जीव हळहळेल खरा, पण सलाइनच्या बाटलीपेक्षा तो नक्कीच स्वस्त पडेल.