मौनाची मुदत

झाशी जिल्ह्यातील गुरसराय हे गाव मराठी माणसास अगदीच परके नाही. तेथे खेरांची जहागीर होती आणि पेशव्यांचे बुंदेलखंडातील मामलेदार गोविंदपंत बुंदेले हे त्याच घराण्यातले. डिसेंबर १७६० मध्ये पंत मारले गेले आणि पानिपतावरील भाऊसाहेबांचा दक्षिणेशी संबंध जवळजवळ तुटला. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना पराभवाचे वर्तमान कळले ते दहा दिवसांनी, भेलशाजवळ. पत्र येत नाही, तेव्हा फौज बुडाली असे समजावे, की नुसती वाट अडली असे?

संगणकांच्या जाळ्यातही हाच पेच पडतो. सर्वांच्या फायली एका मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, असतात. वारंवार विचारपूस नको म्हणून सर्व्हर एखाद्या दूरच्या संगणकास वचन देतो: ही फाईल तुझ्यापाशी राहू दे, दुसऱ्याने मागितली तर कळवीन. या कळविण्यास ‘कॉलबॅक’ म्हणतात.

आता दुसऱ्याने फाईल मागितली, निरोप गेला, पण उत्तर नाही. थांबावे किती? दोन सेकंदांत वचन मोडले, तर केवळ गर्दीत अडकलेल्या संगणकाचे, अद्याप न पोचलेले लिखाण वाया जाते. दहा मिनिटे थांबले, तर एका बंद यंत्रापायी साऱ्या कचेरीचे काम खोळंबते. खोळंब्याची तक्रार लगेच होते, म्हणून मुदत कमी करण्याचा मोह फार. हरवलेल्या लिखाणाचा पत्ता मात्र महिन्याने लागतो. तीच चूक अधिक घातक.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील ग्रे आणि चेरिटन यांनी १९८९ मध्ये यावर उपाय मांडला: वचनच भाडेपट्ट्यासारखे मुदतीचे असावे. लीनक्सच्या ‘एनएफएस’ सर्व्हरवर, निराळे काही ठरविले नसल्यास, पट्टा नव्वद सेकंदांचा असतो. पट्टा कधी सरतो हे दोघांनाही आधीच ठाऊक असल्याने मौनाचा अर्थ एकट्याने लावावा लागत नाही.

पण एखादा संगणक पट्टा वेळेवर वाढवून घेतो आणि कॉलबॅकला मात्र उत्तर देत नाही. तो मेलेला नसतो. वाट अडलेली असते. एनएफएसच्या ४.० आवृत्तीत सर्व्हर स्वतः निराळी जोडणी करी आणि मधली संरक्षक भिंत ती अडवी. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४.१ आवृत्तीपासून संगणकाने आपण होऊन उघडलेल्या जोडणीवरूनच निरोप परत जाऊ शकतो. दरम्यान, फाईल मागणाऱ्यास ताटकळत न ठेवता ‘थोड्या वेळाने पुन्हा मागा’ असे उत्तर सर्व्हर देतो.